हात खिशात घातलेले चित्रपट

घाटावरचा (वाई)

शाळेत चित्रकला शिकवत असताना इंटरमीजिएट परीक्षेच्या स्मरणचित्राच्या सरावात एक गोष्ट मला दरवर्षी दिसायची. विषय आठवडी बाजाराचा असो वा एसटी स्थानकाचा, मुले माणसांचे चेहरे, फेटे, चपला, अगदी पिशव्यांवरची अक्षरेसुद्धा मन लावून काढायची. हात मात्र कोणाचे खिशात, कोणाचे पाठीमागे, तर कोणाचे पदराखाली गेलेले असायचे. हात काढणे अवघड असते आणि ते मुलांना न सांगताही ठाऊक असते. एका मुलाने काढलेल्या भाजीवालीचे दोन्ही हात कोपरापर्यंत टोपलीत बुडालेले होते. विचारले तेव्हा, ती तळातली भाजी काढते आहे, असे त्याने गंभीरपणे सांगितले. मी हसलो आणि त्याला गुणही दिले.

निवृत्तीनंतर चित्रपट थोडे नियमित पाहू लागलो, तेव्हा तो मुलगा मला वारंवार आठवू लागला. मी चित्रपटांचा अभ्यासक नाही. रात्रीचे जेवण झाल्यावर सौभाग्यवतींसोबत आठवड्यातून एखादा चित्रपट पाहणारा, मध्येच चहा टाकायला उठणारा असा मी प्रेक्षक आहे. तरीही एवढ्या वर्षांत कोणते चित्रपट आवडले आणि कोणते आवडले नाहीत याचा मनाशी हिशेब मांडला, तर तो बहुतेक वेळा हातांपाशी येऊन थांबतो. शेतकरी नायकाने औताची मूठ धरली की लगेच त्याचा घामेजलेला चेहरा दाखवायचा, लोहाराने घण उचलला की लगेच ठिणग्या दाखवायच्या आणि नायिकेने वीणा मांडीवर घेतली की खिडकीबाहेरचा चंद्र दाखवायचा, हा सगळा प्रकार मला त्या टोपलीत बुडवलेल्या हातांसारखाच वाटतो.

आमच्या वाईकरांना याची परीक्षा घेण्याची एक जास्तीची सोय आहे. आमची वाई चित्रपटांत सहसा वाई म्हणून येत नाही. 'मृत्युदंड' (१९९७) आणि 'गंगाजल' (२००३) यांत ती बिहार झाली, 'दबंग'मध्ये (२०१०) उत्तर प्रदेशात गेली आणि 'चेन्नई एक्सप्रेस'मध्ये (२०१३) थेट तमिळनाडूत जाऊन आली. जवळचेच मेणवली 'स्वदेस'मध्ये (२००४) चरणपूर झाले. नाना फडणविसांच्या वाड्यामागच्या ज्या घाटावर मी मुलांना निसर्गचित्रे काढायला बसवत असे, आणि वसईच्या मोहिमेनंतर आणलेली ती मोठी घंटा जिथे टांगलेली आहे, तो घाट पडद्यावर आला की मी कथेतून बाहेर पडतो आणि पायऱ्या ओळखत बसतो. शेजारी बसलेले माणूस वैतागते, ते वेगळेच.

'स्वदेस' पाहताना मात्र अर्ध्या-पाऊण तासाने मी पायऱ्या ओळखणे विसरलो. त्याचे कारण मला पुष्कळ दिवसांनी उमगले. त्या गावातली माणसे काम करताना दिसतात. डोंगरातले पाणी अडवायचे, ते उतारावरून खाली आणायचे, त्याच्या जोरावर चक्र फिरवायचे आणि गावात वीज आणायची हा सारा क्रम, कोण काय खणते आहे आणि कोण काय वाहून नेते आहे यासह, माझ्यासारख्या विज्ञानात कच्च्या माणसालाही समजतो. म्हणून शेवटी दिवा लागल्यावर त्या म्हातारीच्या चेहऱ्यावर जे उमटते ते उसने वाटत नाही. चित्रपट तीन तासांहून लांब आहे, प्रदर्शित झाला तेव्हा फारसा चालला नाही आणि आमच्या घरी मध्यंतरानंतर एका व्यक्तीला झोप लागली होती, हेही नमूद करतो.

याउलट 'चेन्नई एक्सप्रेस' मला भावला नाही, आणि तो गाड्या हवेत उडतात म्हणून नव्हे. नायक मिठाईवाल्यांच्या घरातला आहे, पण त्याने जन्मात कधी पेढ्यांच्या खोक्याला दोरा बांधला असेल असे त्याच्याकडे पाहून वाटत नाही. 'फँड्री'त डुक्कर पकडण्याचा जो दीर्घ प्रसंग आहे, त्यात किशोर कदम यांचे हात पाहा. शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येतात आणि ते हात जागच्या जागी थांबतात. तो चित्रपट मी पुन्हा पाहिलेला नाही आणि बहुधा पाहणारही नाही; पण आवडलेल्या चित्रपटांत तो सर्वांत वर आहे.

आपल्याला कोणते चित्रपट पटले, कोणते पटले नाहीत आणि ते नेमके कशावरून ठरले, हे वाचायला आवडेल.

हळदीपेठ (सांगली)

गुरुजी, लेखन आवडले, पण कसोटी मान्य नाही. माझा दिवस हळकुंडे मोडून आतला रंग पाहण्यात आणि वजनकाट्याशेजारी उभे राहण्यात जातो. संध्याकाळी हात धुतले तरी नखांतला पिवळेपणा जात नाही. अशा माणसाला रात्री पडद्यावर पुन्हा दुसऱ्यांचे राबणारे हात कशासाठी दाखवायचे? 'दबंग' मी सांगलीच्या चित्रपटगृहात मित्रांसोबत पाहिला आणि मनापासून आवडला. ते गाव उत्तर प्रदेशातले आहे की वाईचे, हा प्रश्न आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आला नाही. नायकाने गॉगल कॉलरच्या मागे अडकवला आणि दुसऱ्या दिवशी आमच्या पेठेतल्या निम्म्या पोरांनी तसाच अडकवला. चित्रपटाचे तेवढे काम झाले.

दुसरे असे की, हात लपवणे म्हणजे चोरी, हे आपले म्हणणे 'शोले'पुढे (१९७५) टिकत नाही. संजीवकुमार यांनी हात शालीखाली लपवून जे केले, ते इतरांना दोन्ही हात मोकळे असूनही जमलेले नाही. मूळ शेवटात ठाकूर गब्बरला ठार मारतो. आणीबाणीच्या काळात सेन्सॉरच्या आग्रहामुळे तिथे पोलीस आणावे लागले. हातच नसलेल्या माणसाला सूड उगवायचा आहे, यावर तो सगळा चित्रपट उभा आहे.

'शोले' मी प्रथम पाहिला तो गणेशोत्सवात, रस्त्यावर आडव्या बांधलेल्या पांढऱ्या पडद्यावर, आणि तोही पडद्याच्या मागच्या बाजूने, कारण पुढच्या बाजूला मोठ्या मंडळींनी दुपारपासून पोती टाकून जागा धरून ठेवलेल्या असत. मागून चित्र उलटे दिसते. त्यामुळे आमच्या लहानपणी जय, वीरू, गब्बर ही सगळी मंडळी डावखुरी होती आणि पाट्यांवरची अक्षरे आरशातल्यासारखी होती. पुढे चित्रपटगृहात 'शोले' पाहिला तेव्हा गब्बर उजव्या हाताचा निघाला, म्हणून मी चक्क खट्टू झालो होतो. आपल्या लाडक्या 'स्वदेस'मध्येही गावात पडदा लागतो तेव्हा काही लोकांना मागच्या बाजूला बसावे लागते, ते आठवत असेलच. तिथे कारण जागेचे नव्हते, जातीचे होते. तो प्रसंग पाहताना मला आमची मागची बाजू आठवली आणि पुढच्या बाजूला कोण कोण बसत असे, याची मी त्या रात्री पहिल्यांदाच मनातल्या मनात उजळणी केली. या एका प्रसंगासाठी मी त्या चित्रपटाची लांबी माफ केली आहे.

तारखेचा माणूस (सातारा)

मी 'कोर्ट'बद्दल लिहितो. २०१५ साली तो चित्रपटगृहात आला तेव्हा राष्ट्रीय पुरस्कार मिळाल्याचे वाचून आम्ही पाहायला गेलो आणि मध्यंतरात बाहेर पडलो. कॅमेरा एका जागी उभा राहतो आणि उभाच राहतो, न्यायाधीश लेखनिकाला हळूहळू मजकूर सांगतात, वकील कागद शोधतात, पुढची तारीख पडते, याला चित्रपट म्हणायचे असेल तर आमचे तलाठी कार्यालयही चित्रपटच आहे, असे मी त्या वेळी चारचौघांत म्हणालो होतो.

त्यानंतर वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीचा दावा सुरू झाला आणि मला न्यायालयाच्या बाकावर बसण्याची सवय झाली. चार वर्षांनी एका रात्री तोच चित्रपट घरी लावला, तेव्हा मी एका जागी बसून तो अखेरपर्यंत पाहिला. साक्षीदार दोन वाक्ये बोलतो, न्यायाधीश त्यांचे एक वाक्य करून लेखनिकाला सांगतात आणि आपण बोललो ते आणि कागदावर उतरले ते यांत पडलेले अंतर पाहत साक्षीदार गप्प उभा राहतो. हे मी स्वतः त्या पिंजऱ्यात उभे राहून अनुभवले आहे. सरकारी वकील बाई न्यायालयातून सुटल्यावर घरी जाऊन स्वयंपाकाला लागतात हे प्रथम पाहिले तेव्हा मला कंटाळवाणे वाटले होते. आता वाटते, की ज्या वकिलांच्या एका 'हरकत नाही'ची मी तासन्‌तास वाट पाहत असतो, त्यांनाही घरी जाऊन कुकर लावायचा असतो, हे कोणीतरी मला आधी दाखवायला हवे होते.

तेव्हा धागाकर्त्यांना माझा प्रश्न असा, की चित्रपट तोच होता, मग आधी न आवडलेला नंतर कसा आवडला? हात तर दोन्ही वेळी तेच होते.

घाटावरचा (वाई)

हळदीपेठ यांचा 'शोले' मी बिनशर्त मान्य करतो. मुलांना मी हेच सांगत असे, की हात लपवायचाच असेल तर तो का लपला आहे हे चित्र पाहणाऱ्याला कळले पाहिजे. ठाकूरची शाल प्रथम दिसते तेव्हा ती केवळ शाल असते आणि वाऱ्याने ती घसरल्यावर आधीची सगळी दृश्ये मनात पुन्हा पाहावी लागतात.

तारखेचा माणूस यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. कदाचित पाहणाऱ्याच्या हातांनीही थोडे काम केलेले असावे लागत असेल.

कोयनाकाठ (कराड)

चर्चा सगळी पुरुषमंडळींची चालली आहे, म्हणून भाकरीचा विषय काढते. मराठी चित्रपटात ग्रामीण घर दाखवायचे ठरले की चूल येते आणि चूल आली की नायिका भाकरी थापते. तान्ह्या बाळाला थोपटावे तशी ती दोन्ही हातांनी पिठाच्या गोळ्याला थोपटत असते. भाकरी अशी होत नाही. पीठ तळहाताच्या टाचेने रगडून मळावे लागते, परातीत खाली कोरडे पीठ भुरभुरावे लागते आणि थापताना बोटांच्या लयीबरोबर भाकरी आपोआप गोल फिरली पाहिजे. ती फिरली नाही तर ती परातीला चिकटलेली आहे आणि आता फाटणार आहे, हे समजून घ्यावे. मग ती उचलून तव्यावर टाकायची, पिठाची बाजू वर ठेवून त्यावरून ओला हात फिरवायचा, आणि ते पाणी सुकायच्या आत उलटायची. ओला हात फिरवताना वाफेचा चटका बसतो आणि हात आपोआप मागे येतो. ते हाताचे मागे येणे मी पडद्यावर शोधत असते. नायिकेच्या डोळ्यांत धुराचे पाणी येते, पण हाताला चटका बसत नाही.

इथपर्यंत मी गुरुजींच्या बाजूने आहे. पण माझा सर्वांत आवडता चित्रपट त्यांच्या कसोटीवर पुरता नापास होतो. 'द लंचबॉक्स'मध्ये (२०१३) नायिकेच्या वरच्या मजल्यावर देशपांडे काकू राहतात. त्या अखेरपर्यंत दिसत नाहीत, त्यांचे हातही दिसत नाहीत. खिडकीतून दोरीने एक टोपली खाली येते आणि भारती आचरेकर यांचा आवाज येतो, एवढेच. नुसत्या फोडणीच्या वासावरून त्या खालच्या मुलीला काय कमी आहे ते सांगतात. तरीही त्या स्वयंपाकघरात कोणता डबा कोणत्या फळीवर आहे, हे मला माहीत आहे असे वाटते. आजारी नवऱ्याचे करता करता आयुष्य गेलेली, पण खाली टोपली सोडायला न विसरणारी अशी एक काकू आमच्याही वाड्यात होती. आता काय म्हणाल?

आणि न आवडलेल्यांत, पुष्कळांचा राग पत्करून, 'दुनियादारी'चे नाव घेते. सुहास शिरवळकरांची कादंबरी मी महाविद्यालयात असताना वहीत उतारे काढून वाचली होती. कट्ट्यावरच्या पोरांचे जे वाया जाणे त्या पुस्तकात जिवाला लागते, ते चित्रपटात फार देखणे झाले आहे. माझ्या मुलीला तो चित्रपट पाठ आहे. आमच्या घरात या विषयावर जेवताना बोलायचे नाही, असे ठरलेले आहे. २०२३ मध्ये भिशीच्या आम्ही अकराजणी 'बाईपण भारी देवा' पाहायला एकत्र गेलो होतो, तो बरा होता की वाईट, हे मात्र मला सांगता येणार नाही. आम्ही इतक्या हसत आणि रडत होतो, की निम्मे संवाद ऐकूच आले नाहीत.

माणदेशी (आटपाडी)

हातांवर एवढे लिहून झाले आणि ज्या चित्रपटाच्या नावातच बारा हात आहेत त्याचा उल्लेख अजून कोणी केला नाही, याचे आमच्या तालुक्यातर्फे नवल वाटते. व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) ज्या प्रयोगावरून सुचला, तो इथला आहे. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती. भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली मॉरिस फ्रीडमन यांच्या कल्पनेनुसार इथे जवळच स्वतंत्रपूर वसवले. तिथे गंभीर गुन्ह्यांत शिक्षा भोगणारे कैदी भिंतींवाचून राहत, शेती करत, आणि ती वसाहत आजही आहे. चित्रपटाची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर याच मातीतले. त्यांचा जन्म आमच्या तालुक्यातल्या शेटफळ्याचा.

मला हा चित्रपट आवडतो, परंतु डोळे झाकून नव्हे. खेळणी विकणाऱ्या बाईची गाणी जरा जास्तच आहेत आणि जेलरचे डोळे कैद्यांना सगळीकडे दिसतात ही युक्ती दोनदा पुरली असती. ओसाड माळ फोडण्याचा भाग मात्र माणदेशात जन्मलेल्या माणसाने पाहावा. आमच्याकडे जमीन नांगरण्याआधी वेचावी लागते. दगड वेचून बांधावर टाकायचे, पावसात खालचे दगड वर येतात, ते पुन्हा वेचायचे. माझ्या आजोबांच्या उजव्या हाताची बोटे शेवटी सरळ होत नसत, ती दगड धरल्यासारखीच वाकलेली राहिली होती. त्या चित्रपटातले सहा जण माळावर उतरतात तेव्हा त्यांची पाठ ज्या प्रकारे वाकते, ती मला ओळखीची आहे. शेवटच्या बैलाच्या झुंजीचे चित्रण करताना शांताराम यांच्या डोळ्याला गंभीर इजा झाली, हे सर्वांना माहीत असेलच. गुरुजींच्या भाषेत सांगायचे तर त्यांनी हात खिशात घातले नव्हते.

घाटावरचा (वाई)

माणदेशी, हे सुटले याची लाज वाटते, कारण पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते आणि औंधच्या भवानी संग्रहालयाची सहल मी जवळजवळ प्रत्येक वर्गाची काढलेली आहे. कोयनाकाठ ताई, देशपांडे काकूंपुढे माझी कसोटी हरली, हे कबूल करतो. ती दोरी वर ओढली जाताना जी थोडी हेलकावते, तेवढा हात मला दिसला असे म्हणून मी स्वतःची समजूत घालतो. 'सैराट'विषयी मात्र कोणीच लिहिलेले नाही. तो सर्वांचा पाहून झाला आहे, म्हणून गृहीत धरला की काय?

हळदीपेठ (सांगली)

'सैराट'चा पूर्वार्ध आमचा. गाण्यांवर लोक चित्रपटगृहात उठून नाचत होते. उत्तरार्धात हैदराबादला गेल्यावर तो संथ होतो आणि तिथे माझ्या मित्रांनी भ्रमणध्वनी बाहेर काढले.

कोयनाकाठ (कराड)

मला नेमका उत्तरार्धच आवडला. ट्रॅक्टर आणि बुलेट चालवणारी, गावात कोणाला न जुमानणारी आर्ची झोपडपट्टीतल्या त्या खोलीत आल्यावर तिला काहीच करता येत नाही, आणि मग ती बाटल्यांच्या कारखान्यात कामाला लागते, हा भाग रिंकू राजगुरूने फार खरा केला आहे. घर सोडून आलेल्या मुलीच्या पहिल्या महिन्यांत गाणी नसतात. शेवटी आवाज बंद होतो तेव्हा आमच्या चित्रपटगृहात कोणीतरी मागून, यंत्र बिघडले, असे ओरडले होते आणि नंतर तेही गप्प झाले.

तारखेचा माणूस (सातारा)

न आवडलेल्यांच्या यादीत मी अलीकडच्या पुष्कळशा ऐतिहासिक चित्रपटांची भर घालतो. नावे घेत नाही. राजधानीत राहायचे आहे. विषयाबद्दल आदर आहे म्हणूनच तक्रार आहे. मावळा कडा चढून वर येतो, संथ गतीने तलवार उपसतो आणि लगेच दीड मिनिटाचे भाषण करतो. मी गेली वीस वर्षे रोज पहाटे अजिंक्यतारा चढतो आहे. वर पोहोचल्यावर पहिली पाच मिनिटे कोणालाही काहीही बोलता येत नाही. कमरेवर हात ठेवून माणूस नुसता धापा टाकत असतो. एखाद्या दिग्दर्शकाने मावळ्यांना ती पाच मिनिटे दिली, तर पुढच्या लढाईवर माझा अधिक विश्वास बसेल.

घाटावरचा (वाई)

विश्वासाचा विषय निघाला म्हणून आमच्या मामांची हकिकत सांगतो. घाटावर एका हिंदी चित्रपटाचे चित्रीकरण चालू होते, तेव्हा गावातल्या बऱ्याच जणांना गर्दीत उभे राहण्याचे काम मिळाले होते. चित्रपटाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, मामांना ते आवडणार नाही. मामांच्या वाट्याला नदीवरून खांद्यावर घागर घेऊन पायऱ्या चढण्याचे काम आले. त्यांना तिकडच्या पद्धतीचे धोतर नेसवले आणि सकाळपासून उन्हे उतरेपर्यंत वर-खाली करायला लावले. चित्रपटात ते दोन-अडीच सेकंद पाठमोरे दिसतात. घरातली मुले दूरचित्रवाणीवर तो चित्रपट लागला की त्यांना हाका मारतात, मामा चष्मा लावून येतात आणि ते दृश्य होऊन गेले की उठून जातात.

गेल्या दिवाळीत मी त्यांच्याशेजारी बसून ते दृश्य पाहिले. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. मामा माझ्या कानाशी हळूच म्हणाले, "घागर रिकामी दिली होती त्यांनी. बघ, खांदा कसा सरळ राहिलाय." ते आयुष्यभर घाटावरून पाणी वाहत आलेले आहेत.

कोयनाकाठ (कराड)

मामांना विचारा, भरून का घेतली नाही? नदी तर पायाशीच होती.

घाटावरचा (वाई)

विचारले होते. "मी भरली होती. त्यांनीच ओतायला लावली. म्हणाले, पाणी हिंदकळून धोतर भिजतंय."